विमानाचं तिकीट खरंच फुकट पडतं का?

1. तिकिटाचे पैसे कोण भरतं?

विमानतळावर, मॉलच्या दारात किंवा बँकेच्या फोनवर एकच वाक्य ऐकू येतं: हे कार्ड घ्या, खर्च तर तुम्ही करताच, त्यावर वर्षाला एक तिकीट फुकट. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, तिकीट खरंच मिळतं का? मिळतं. पण त्यामागचा दुसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि या प्रकरणाचा सगळा भर त्याच्यावरच आहे: असं तिकीट देणं बँकेला परवडतं कसं? ते कळलं की कार्ड घ्यावं की नाही, घ्यायचं तर कोणतं आणि अर्ज कसा करायचा, हे बरंचसं त्यातूनच सुटत जातं.

तुम्ही दुकानात क्रेडिट कार्डानं 1,000 रुपये भरता तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण 1,000 रुपये जमा होत नाहीत. साधारण दीड-दोन टक्के रक्कम वाटेतच कापली जाते. ती दुकानदाराची बँक, व्हिसा-मास्टरकार्ड-रुपे यांच्यासारखं नेटवर्क आणि तुम्हाला कार्ड देणारी बँक यांच्यात वाटली जाते, आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. या वाट्यातूनच बँक विमान कंपनीकडून माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, विकत घेते आणि तुमच्या खात्यात टाकते. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून असं काही कापलंच जात नाही, म्हणून तिथे माइल्सही नाहीत. बँकेच्या मिळकतीची दुसरी बाजू म्हणजे वार्षिक फी. तिसरी, आणि सगळ्यांत गोड, म्हणजे बिल वेळेवर न भरणाऱ्यांकडून येणारं व्याज.

विमान कंपनीच्या बाजूनं हा सौदा आणखी आकर्षक आहे. तिला बँकेकडून पैसे आज मिळतात. बदल्यात जागा द्यायची ती पुढे कधीतरी, आणि बऱ्याचदा अशी, जी नाहीतरी रिकामीच गेली असती. अमेरिकन एअरलाइन्सनं मे 1981 मध्ये अ‍ॅडव्हांटेज ही योजना सुरू केली तेव्हा हेतू नेहमीच्या प्रवाशाला धरून ठेवण्याचा होता. बँका त्यात शिरल्या त्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि मग ही योजनाच एक धंदा बनली. 2024 मध्ये डेल्टा एअरलाइन्सला अमेरिकन एक्स्प्रेसकडून 700 कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी असताना, 2020 साली, युनायटेड एअरलाइन्सनं आपली माइलेजप्लस योजना तारण ठेवून 680 कोटी डॉलर उभे केले. आपल्याकडेही 2014 मध्ये एतिहाद या विमान कंपनीनं जेट एअरवेजच्या जेटप्रिव्हिलेज योजनेतल्या 50.1 टक्के हिश्श्यासाठी 15 कोटी डॉलर मोजले. ज्या वस्तूला एवढा भाव येतो ती वाटण्यात कुणाचा तोटा होत नसतो.

यावरून कार्ड म्हणजे फसवणूक असा अर्थ कुणी काढू नये. माझं म्हणणं त्याहून मर्यादित आहे. विमान कंपनीचं कार्ड एका ठरावीक प्रकारच्या ग्राहकाला चांगला फायदा देतं. बाकीच्यांना साधं कॅशबॅक कार्ड आणि ज्या दिवशी जे स्वस्त असेल ते तिकीट ही जोडी अधिक परवडते. आपण कोणत्या गटात आहोत हे आकडेमोडीनं ठरवता येतं, आणि ती आकडेमोड सातवीच्या पलीकडची नाही.

2. माइल हा कुणाचा पैसा?

खानावळीत महिन्याच्या कुपनांचं पुस्तक मिळतं. कुपन हा पैसाच, पण तो त्याच खानावळीत चालतो. मालकानं उद्यापासून थाळीला एकाऐवजी दोन कुपनं लावली तर करण्यासारखं काही नसतं, आणि खानावळ बंद पडली तर पुस्तक रद्दीत जातं. माइलचा स्वभाव नेमका हाच आहे. रुपयाची किंमत महागाईनं हळूहळू घटते आणि तिच्यावर निदान रिझर्व्ह बँकेची नजर असते. माइलची किंमत विमान कंपनी एका ईमेलनं बदलू शकते. अटींच्या बारीक अक्षरांत तो हक्क तिनं स्वतःकडे ठेवलेला असतो.

आपल्याकडच्या दोन घटना पुरेशा बोलक्या आहेत. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली. माइल्सची योजना वेगळ्या कंपनीच्या हाती असल्यामुळे ती वाचली, त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं, आणि जमलेले आकडे लोकांच्या खात्यात तसेच राहिले. पण ज्यासाठी ते जमवले होते ते जेटचं विमान राहिलं नव्हतं. कागदावर कुणाचं काही बुडालं नाही, आणि तरीही बिझनेस क्लासच्या आशेनं वर्षानुवर्षं माइल्स साठवणाऱ्याच्या हाती भलतंच काही आलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जेटच्या अवसायनाचा आदेश दिला, तेव्हा त्या विमानांची वाट पाहण्याचंही कारण उरलं नाही.

दुसरी घटना सौम्य आहे, म्हणून जास्त शिकवणारी. विस्तारा या विमान कंपनीच्या नावाची कार्डं अ‍ॅक्सिस, एसबीआय कार्ड आणि आयडीएफसी फर्स्ट या तिघांनी दिली होती. त्यांतल्या काही कार्डांवर ठरावीक खर्चाचा टप्पा गाठला की प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेस क्लासचं तिकीट मिळायचं, आणि जाणकारांत या कार्डांना मोठा मान होता. विस्तारा कंपनी बुडाली नाही, कुणाचे पैसे थकले नाहीत. 12 नोव्हेंबर 2024 ला ती एअर इंडियात विलीन झाली, एवढंच. क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये वळते झाले, आणि 2025 मध्ये त्या कार्डांवरची मोफत तिकिटांची सोय संपली. म्हणजे कार्ड निवडताना विमान कंपनी चांगली आहे एवढं पाहून भागत नाही. तिचा मालक उद्या कोण असेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून माइल्स साठवू नयेत, वापरावेत. सोन्यासारखे तिजोरीत ठेवावेत असे ते नाहीत. शिवाय मुदतही असते. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स तीन वर्षांनी रद्द होतात.

3. एका माइलचे किती पैसे?

जाहिरातीत आकडा माइल्सचा असतो, रुपयांचा नसतो. ‘10,000 बोनस माइल्स’ वाचून डोळे दिपतात. पण ते 10,000 रुपये नव्हेत. माइलची किंमत काढण्याची रीत सोपी आहे. तुम्हाला खरोखर जायचं आहे त्या मार्गाचं, त्या तारखेचं तिकीट आधी रुपयांत पाहा, मग तेच तिकीट माइल्समध्ये पाहा. माइल्सच्या तिकिटावरही कर आणि विमानतळ शुल्क रोख भरावं लागतं, ते वजा करा आणि उरलेल्या रकमेला माइल्सनं भागा. समजा, मुंबई-दिल्लीचं तिकीट 6,000 रुपयांना आहे आणि तेच 8,000 माइल्स अधिक 1,200 रुपये करांत मिळतं. वाचले 4,800 रुपये, म्हणजे माइल पडला 60 पैशांना. तेच तिकीट दीड महिना आधी 4,000 रुपयांत मिळत असेल आणि माइल्स तितकेच लागत असतील, तर माइल 35 पैशांवर येतो. म्हणजे माइलला एकच एक किंमत नसते. ती तुम्ही कुठे आणि कधी जाता यावर ठरते. गणपतीत किंवा दिवाळीत तिकिटं भडकतात तेव्हा माइल महाग विकला जातो, अर्थात तेव्हा माइल्सवर जागा मिळाली तर. दोन-चार मार्गांचा असा हिशेब केल्याशिवाय कोणत्याही कार्डाची तुलना करणं व्यर्थ आहे.

4. खर्च किती, आणि मोजला जाणारा किती?

आता हेच पुण्यातल्या एका काल्पनिक घराला लावून पाहू. महिन्याला घरभाडं 20,000, किराणा आणि घरसामान 12,000, वीज-मोबाइल-इंटरनेट 4,000, विम्याचे हप्ते सरासरी 3,000, पेट्रोल 4,000, आणि कपडे, औषधं, हॉटेल, प्रवास मिळून 12,000. बेरीज 55,000. कार्ड विकणारा याच आकड्याला बारानं गुणून माइल्स सांगतो. पण बहुतेक बँका भाडं, इंधन, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे आणि सरकारी भरणा यांवर माइल्स देत नाहीत. वीजबिल आणि विमा यांवर एकतर देत नाहीत किंवा कमी देतात. भाड्यावर वरून शुल्कही लागतं. उरले महिना 24,000, वर्षाचे 2,88,000. कार्ड दर 100 रुपयांना 2 माइल्स देत असेल तर झाले 5,760 माइल्स. माइल 50 पैशांचा धरला तर 2,880 रुपये. कार्डाची फी 3,000 असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 3,540. म्हणजे वर्षाला 660 रुपये आपण बँकेला देतो, आणि तिकीट ‘फुकट’ मिळाल्याचा आनंद मिळवतो.

माइल 70 पैशांना पडला तर मात्र 4,032 रुपये होतात आणि 492 रुपये शिल्लक राहतात. इथे बरेच जण थांबतात आणि कार्ड फायद्याचं ठरवतात. पण तुलना शून्याशी करायची नसते. हाच 2,88,000 चा खर्च फी नसलेल्या, 1 टक्का कॅशबॅक देणाऱ्या कार्डावर केला असता तर 2,880 रुपये सरळ हातात आले असते, कोणत्याही कंपनीच्या विमानाला चालणारे. तेव्हा विमान कंपनीचं कार्ड जिंकायला फीचे 3,540 आणि कॅशबॅकचे 2,880, म्हणजे 6,420 रुपये त्या 5,760 माइल्समधून निघायला हवेत. म्हणजे माइल 1 रुपया 11 पैशांना पडला पाहिजे. देशांतर्गत साध्या तिकिटावर तो भाव मिळणं सोपं नाही.

यावर आक्षेप असा की, खर्चाचा टप्पा गाठला तर फी माफ होते आणि वर तिकीटही मिळतं. बरोबर आहे, आणि ज्याचा मोजला जाणारा खर्च मुळातच तेवढा आहे त्याला ही सोय भरभक्कम आहे. मात्र टप्पा खर्चाला अनुसरून ठरवलेला नसतो. खर्च टप्प्याकडे ओढला जावा म्हणून तो ठरवलेला असतो. 3,00,000 चा टप्पा आहे आणि फेब्रुवारीपर्यंत 2,60,000 झाले आहेत, अशा वेळी मार्चमध्ये 40,000 चा मोबाइल आवश्यक वाटू लागतो. ते तिकीट मग 40,000 चं पडतं.

5. बिझनेस क्लास, लाउंज आणि अमेरिकेतले नातेवाईक

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माइलची खरी किंमत बिझनेस क्लासमध्ये कळते, असं जाणकार सांगतात. युरोप-अमेरिकेच्या बिझनेस क्लासचं रोख तिकीट लाखांत जातं, त्यामानानं माइल्स कमी लागतात, आणि भागाकार केला तर माइल दोन रुपयांच्याही वर जाऊ शकतो. गणित खरं आहे. शिवाय एअर इंडिया जुलै 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्यामुळे तिचे पॉइंट लुफ्थान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानातही वापरता येतात. पण प्रश्न असा विचारायला हवा: माइल्स नसते तर तुम्ही ते लाखांचं तिकीट काढलं असतं का? नसतं, तर तुमच्यापुरती त्याची किंमत लाखांत नाही; इकॉनॉमीच्या तिकिटावर थोडे पैसे चढवून तुम्ही जेवढे दिले असते तेवढीच आहे. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मग तो खर्च हौसेच्या खात्यात लिहावा. मुलं परदेशी असल्यामुळे दर वर्ष-दीड वर्षानं लांबचा प्रवास करणाऱ्या साठीच्या जोडप्याला झोपून जाण्याचं मोल निराळं असतं, आणि त्यांच्यासाठी हा आक्षेप पूर्णपणे टिकतो.

लाउंजबद्दल थोडक्यात. आता अनेक कार्डांवर लाउंजचा प्रवेश आधीच्या तिमाहीतल्या खर्चावर अवलंबून असतो. वर्षातून दोनदा उडणाऱ्यानं इडली-कॉफीसाठी 3,000 ची फी भरू नये.

अमेरिकेतला भाऊ किंवा भाची सांगते की तिनं एक कार्ड घेतलं आणि बोनसमधूनच भारताचं तिकीट निघालं. तेही खोटं नसतं. अमेरिकेत क्रेडिट कार्डावर दुकानदाराकडून कापली जाणारी रक्कम मोठी, कर्जबाजारी ग्राहकांकडून येणारं व्याज अफाट, आणि ग्राहक ओढण्यासाठी बँकांची चढाओढही मोठी. त्यामुळे 50,000 माइल्स किंवा त्याहून जास्त बोनस तिथे नेहमीचा. तो हिशेब भारतातल्या कार्डाला लावला की निराशा ठरलेली.

6. मग कुणी कोणतं घ्यावं?

सगळ्यात आधी एक चाळणी. बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं का? नसेल, तर पुढचं वाचायचंही कारण नाही. समजा, बिल 60,000 आलं आणि 5 टक्के, म्हणजे 3,000 ‘मिनिमम ड्यू’ भरून बाकी पुढे ढकललं. उरलेल्या 57,000 वर महिना 3.5 टक्क्यांनी 1,995 रुपये व्याज, त्यावर जीएसटी, मिळून सुमारे 2,354. त्या 60,000 च्या खर्चावर मिळालेले 1,200 माइल्स 50 पैशांच्या हिशेबानं 600 रुपयांचे. एका महिन्याच्या व्याजात जवळजवळ चार महिन्यांचे माइल्स गेले, आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. या व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, हेही लक्षात असू द्या.

या चाळणीतून जे राहिले त्यांनी आपलं विमानतळ पाहावं. मुंबईकराला कंपन्यांची निवड भरपूर आहे. कोल्हापूर किंवा नांदेडहून उडणाऱ्याला मोजकीच विमानं. तिथे जी कंपनी उतरतच नाही तिचं कार्ड घेऊन काय करणार? देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक इंडिगोनं जातात, तेव्हा देशातल्या देशात फिरणाऱ्याला तिच्या ब्लूचिप योजनेचा विचार आधी सुचणं स्वाभाविक आहे; लांबच्या परदेश प्रवासाला मात्र अलायन्समधली कंपनी जास्त दारं उघडते. एकाच कंपनीनं वर्षात चार-पाच वेळा जाणं-येणं होत असेल आणि मोजला जाणारा खर्च पाच-सहा लाखांच्या वर असेल, तर त्या कंपनीच्या नावाचं को-ब्रँडेड कार्ड घ्यावं. प्रवास तेवढाच पण कंपन्या बदलत असतील, तर बँकेचे स्वतःचे पॉइंट देणारं कार्ड बरं. ते पॉइंट हव्या त्या वेळी क्रिसफ्लायर किंवा फ्लाइंग ब्लूसारख्या विमान कंपन्यांच्या योजनांत वळवता येतात, आणि एखादी कंपनी बुडाली किंवा विकली गेली तरी आपण अडकत नाही. विस्ताराच्या अनुभवानंतर मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. अट एकच: एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, म्हणून जागा शिल्लक आहे हे पाहूनच वळवावेत. याहून कमी प्रवास आणि कमी खर्च असणाऱ्यांनी कॅशबॅक घ्यावं आणि हा विषय मिटवावा.

परदेशात कार्ड वापरणाऱ्यानं आणखी एक आकडा पाहायचा. परकीय चलनातल्या खर्चावर अनेक कार्डं 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के जादा घेतात. माइल्स 1 टक्क्याचे मिळवायचे आणि 4 टक्के द्यायचे, हा व्यवहार विमान कंपनीच्या चित्राचं कार्ड हातात असलं तरी तोट्याचाच.

7. अर्ज

अर्ज करण्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट काढावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. 300 ते 900 मधला स्कोर पाहण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कधीच फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, न घेतलेलं कार्ड नावावर आहे का, हे तपासणं. चूक आधी दुरुस्त करून घ्यावी, अर्ज मग. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमच्या रिपोर्टची चौकशी करते आणि तिची नोंद राहते; एका महिन्यात चार बँकांत अर्ज टाकले तर पाचवी बँक तुम्हाला पैशांची निकड आहे असं समजते. म्हणून एक कार्ड ठरवावं, त्याचाच अर्ज करावा, आणि नाकारला गेला तर कारण मागावं. ते लेखी देणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेवर बंधनकारक आहे.

पॅन, आधार, पगारदाराला पगारपत्रक, व्यावसायिकाला आयकर विवरणपत्र, आणि मग व्हिडिओ केवायसी, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. स्वतःचं नियमित उत्पन्न नसलेल्यांना मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. पण नवरा-बायकोनं दोन कार्डं घेण्यापेक्षा एकाच कार्डावर अ‍ॅड-ऑन कार्ड घेतलं तर माइल्स एकाच खात्यात जमतात आणि तिकिटाइतके लवकर होतात. फॉर्म एजंटानं भरला तरी उत्पन्नाचा आकडा स्वतः वाचून पाहा, आणि फॉर्मसोबत मिळणाऱ्या मुख्य अटींच्या पानावर चार गोष्टी शोधा: दुसऱ्या वर्षाची फी, माइल्स न मिळणाऱ्या खर्चांची यादी, माइल्सची मुदत, आणि बोनस मिळण्यासाठी किती दिवसांत किती खर्च करायचा. शेवटची अट जुळत नसेल तर सणासुदीपर्यंत किंवा घरातल्या ठरलेल्या मोठ्या खरेदीपर्यंत अर्ज थांबवणं केव्हाही चांगलं. कार्ड आल्यावर पहिलं काम ऑटो-पे लावण्याचं, आणि तेही ‘टोटल ड्यू’वर; पुष्कळांचं ते ‘मिनिमम ड्यू’वर लागलेलं असतं.

वर्ष संपत आलं की तिसऱ्या आणि चौथ्या भागातला हिशेब, या वेळी खऱ्या आकड्यांनी, पुन्हा मांडा. माइल तुमच्या भावाला पडत नसेल तर साठलेले माइल्स आधी वापरा, बाकी चुकती करा आणि दुसऱ्या वर्षाची फी लागण्याआधी कार्ड बंद करण्याची विनंती लेखी द्या. येणं बाकी नसेल तर बँकेनं ते कामाच्या सात दिवसांत बंद करायचं असतं. त्यानंतर प्रत्येक दिवसाच्या उशिराला 500 रुपये तिनं तुम्हाला द्यायचे असतात.